डायरीनं बिघडलं, मग वहीत लिहून बरं कसं होणार?

सत्तरी तालुक्यातल्या एका अंगणवाडी सेविकेचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "माझी धाकटी बहीण एकवीस वर्षांची, बाळ पाच महिन्यांचं, दोघंही माहेरी आमच्याकडेच आहेत. बाळंतपणात तिला खूप ब्लीडिंग झालं, रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. अजून रात्री दचकून उठते. त्या हॉस्पिटलवरून जाणारी बससुद्धा टाळते, त्यापायी बाळाचा एक डोस चुकला. कुणी सांगितलं म्हणून रोज डायरी लिहायला लागली, तर जास्तच बिघडली. आता म्हापशाच्या काउन्सेलर बाई म्हणतात, लिहूनच बरी होईल, पाच वेळा या. हे कसं काय? आणि अंगावर पिणारं बाळ असताना हे उकरून काढावं का? माझ्या अंगणवाडीत सतरा वर्षांची एक मुलगी येते, सात महिन्यांची गरोदर. तिलाही हे चालेल का?"

ताई, काउन्सेलर बाईंचं म्हणणं बरोबर आहे आणि तुमच्या बहिणीचा अनुभवही खरा आहे. डायरीला पेन लागतं आणि या उपचारालाही पेन लागतं, साम्य तिथंच संपतं.

मी बरीच वर्षं बाळंतिणींबरोबर काम करते, उत्तर गोव्यातच. अशा डायऱ्या मुली स्वतःहून आणून दाखवतात. त्यांत काय असतं? 'आज पण झोप नाही.' 'आई म्हणते जेव, घशाखाली घास उतरत नाही.' 'मला आई होणं जमणारच नाही.' अशी पानंच्या पानं. पण ज्या रात्रीमुळे हे सगळं सुरू झालं ती रात्र त्यांत शोधून सापडत नाही. फार तर एक ओळ असते: 'त्या दिवसाचं काही आठवायला नको.' म्हणजे विहिरीच्या काठानं रोज फेऱ्या मारायच्या आणि आत वाकून बघायचं नाही. शिवाय हे लिहिणं चालतं रात्री बाळ झोपल्यावर, एकटीनं, वेळेचं बंधन नाही, लिहून झाल्यावर समोर कुणी नाही. बिघडली यात नवल काहीच नाही. डायरी तूर्त बंद करायला सांगा. फाडायला सांगू नका.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यांत महत्त्वाची वाटली ती बस. बस लांबून दिसली की तिच्या छातीत धडधडतं. ती बस सोडते, आणि धडधड थांबते. शरीर यातून काय शिकतं? बस सोडली म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती बसपाशी थांबत नाही, हॉस्पिटलच्या फाइलपर्यंत येते, मग लसीच्या तारखेपर्यंत. टाळल्यावर जो घटकाभर सुटल्यासारखा श्वास मिळतो, तोच भीतीला खतपाणी घालतो. त्या रात्रीची आठवण एकदाही सुरुवातीपासून शेवटापर्यंत मनातून सरळ जात नाही, दर वेळी अर्ध्यावर दार लावून घेतलं जातं. म्हणून ती जुनीच होत नाही. फिनेलचा वास आला की पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट आत्ता चालल्यासारखी अंगावर येते. जिवावर बेतलेल्या प्रसंगाला महिना उलटून गेल्यावरही स्वप्नं, दचकणं, टाळाटाळ, स्वतःलाच बोल लावणं हे सगळं चालू असेल तर तो पीटीएसडी, म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, असू शकतो. (ट्रॉमा हा शब्द हल्ली इतका स्वस्त झालाय की रिक्षावाल्यानं जास्त पैसे घेतले तरी लोकांना ट्रॉमा होतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत मात्र तो शब्द खर्‍या अर्थानं लागू आहे. ती मरता मरता वाचली आहे.)

काउन्सेलर बाई ज्याबद्दल बोलत असाव्यात त्याला रिटन एक्स्पोझर थेरपी म्हणतात. अमेरिकेत डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी ती बांधली. त्याच्याही आधी, १९८६ साली, जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी कॉलेजच्या मुलांना चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनावरच्या जखमेबद्दल लिहायला लावून त्याचा परिणाम पाहिला होता. 'लिहा म्हणजे मोकळं वाटेल' हा जो सल्ला आज कुणीही कुणाला देतं, तो बराचसा तिथून पाझरत आलेला आहे. स्लोन-मार्क्स यांची पद्धत त्याहून शिस्तीची. बैठका पाच. प्रत्येक बैठकीत तीस मिनिटं हातानं लिहायचं. पाचही वेळा प्रसंग एकच. घरी करायला गृहपाठ नाही.

२०१८ साली या पद्धतीची तुलना पीटीएसडीवरच्या एका मान्यताप्राप्त बारा बैठकांच्या उपचाराशी केली गेली. १२६ प्रौढ माणसं होती. पाच बैठकांचं लेखन बारा बैठकांच्या उपचारापेक्षा उणं ठरलं नाही. पण मला त्यातला दुसराच आकडा मोलाचा वाटतो: बारा बैठकांच्या गटातले ३९.७ टक्के लोक मधेच सोडून गेले, लेखनाच्या गटातले ६.४ टक्के. ते लोक काही ओल्या बाळंतिणी नव्हत्या. पण वाळपईहून बस पकडून, बाळाला कडेवर घेऊन, आईला सोबत घेऊन येणार्‍या मुलीला तीन महिने दर आठवड्याला बोलावणं आणि पाच वेळा बोलावणं यात काय फरक आहे हे मला अभ्यासानं सांगायला नको. बाराच्या हिशोबात माझ्याकडे येणार्‍या मुली चौथ्या-पाचव्या वेळेला गळतात. बाळाला ताप, सासरी परत न्यायला आले, चतुर्थी आली.

सुरुवात करण्याआधी मी काय बघते ते सांगते, कारण इथंच घाई होते. एवढं रक्त गेलेल्या मुलीचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासायचं. 'डिप्रेशन आहे' म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या एका मुलीचं हिमोग्लोबिन सात होतं. तिला माझ्याआधी लोहाची गरज होती. प्रसूतीत फार रक्तस्राव झाला तर क्वचित मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला इजा होते, त्याला शीहान सिंड्रोम म्हणतात. दूध मुळीच न उतरणं, पाळी परत न येणं, सतत थंडी वाजणं, उठवत नाही इतकी गळून जाणं ही त्याची खूण. तुमची बहीण अंगावर पाजते आहे, म्हणजे ती शक्यता बरीच कमी, पण डॉक्टरांच्या कानावर घालायला काही जात नाही.

मग एडिंबरा प्रश्नावली. १९८७ सालची, दहा प्रश्न, तीस गुण. बाळंतिणीतली उदासी हेरायला ती जगभर वापरतात, आपल्याकडेही. म्हापशातल्या एका रुग्णालयात गरोदरपणी नोंद केलेल्या २७० बायकांचा डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यातल्या ज्यांना तपासता आलं त्यांपैकी २३ टक्क्यांना नैराश्याचा आजार होता. गरिबी, नवरा-बायकोतलं वितुष्ट आणि मुलगी झाली म्हणून घरात पडलेली तोंडं, ही कारणंही त्यात पुढे आली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे 'गोव्यात मुलगा-मुलगी भेद नसतो' असं मोठ्या तोर्‍यात म्हणतात. प्रश्नावलीतला दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. तो मी कागदावर सोडत नाही, तोंडानं विचारते. तुम्हीही विचारा, 'मरावंसं वाटतं का गं?' असं सरळ. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही.

उत्तर हो आलं आणि कसं करायचं हेही ठरलेलं असलं, तर लेखन बाजूला. बांबोळीचं मनोरुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय, त्याच दिवशी. बाळंतीण दोन-तीन रात्री झोपलेलीच नाही तरी थकत नाही, भलतंच बरळते, बाळ बदललंय म्हणते, कुणीतरी बाळाला मारायला टपलंय म्हणते, तर तेही त्याच दिवशी. हा वेगळा आजार आहे, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत उफाळतो, आणि त्यात एक दिवससुद्धा थांबायचं नसतं. आणि नवरा आजही हात उगारत असेल तर आधी तिला सुरक्षित जागा. आग चालू असताना आगीची आठवण लिहायला बसवत नाहीत.

आता प्रत्यक्ष बैठक. एक मुलगी सांगते. दोघीतिघींच्या गोष्टी मी एकीत मिसळल्या आहेत, ती कोण हे शोधत बसू नका.

वीस वर्षांची, डिचोलीकडची, घाईत सिझर झालेलं. पहिल्या दिवशी वीसेक मिनिटं मी बोलले: आठवण का येते, टाळल्यानं का वाढते, आपण काय करणार आहोत. कुठला प्रसंग लिहायचा ते ठरवलं, रोज डोळ्यांसमोर येतो तोच. मग तिच्यापुढे शाळेची दोनशे पानी वही ठेवली, निळं बॉलपेन, आणि सूचना वाचून दाखवली. झालं ते आज मागे वळून बघतेस असं लिही. काय दिसलं, काय ऐकू आलं, वास कसला होता, मनात काय आलं, अंगाला काय झालं. शुद्धलेखन बघणार नाही. आधी शंभरपैकी त्रास किती, आकडा सांग. ती म्हणाली नव्वद. घड्याळ लावलं आणि मी बाहेर गेले. बाहेर बाकावर तिची आई बाळाला मांडीवर थोपटत बसली होती. 'परीक्षा आसा काय?' म्हणून तिनं मला विचारलं.

अर्ध्या तासात अकरा ओळी. 'मला शस्त्रक्रियेसाठी नेण्यात आले. बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्यात आले. नंतर मला वॉर्डात आणण्यात आले.' सगळं 'ण्यात आले'. वर्तमानपत्रातली बातमी. हे आमच्याकडे नेहमी होतं आणि कारण सोपं आहे. ही मुलगी घरी कोकणी बोलते, चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकली, पुढे इंग्रजी माध्यम. लिहायची म्हणून तिला जी मराठी येते ती निबंधाची आणि पेपराची. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोकणीला स्थान मिळालं आणि मराठीचा वापरही मान्य झाला, त्यावरून अजून भांडणं होतात. लेबर रूममध्ये मात्र भांडण नाही, कळा कोकणीतच येतात. आणि ज्या भाषेत घडलं ती भाषा बाजूला ठेवून लिहिलं की माणूसही बाजूला राहतो.

पुढच्या बैठकीच्या सुरुवातीला, तिचं लिखाण वाचून आल्यावर, मी तिला एवढंच म्हटलं: घरी आईला सांगशील तसं लिही. मधे कोकणी आली तर येऊ दे, देवनागरीतच लिही की रोमी लिपीत लिही, मला दोन्ही वाचता येतं. दुसर्‍या वेळी पावणेतीन पानं झाली. हिरवा पडदा आला, थंडगार लोखंडी टेबल आलं, पायांवर कुणाचा तरी भार आला. आणि एक शब्द आला, 'सोंपली'. तोंडावर मास्क ठेवताना कुणीतरी म्हणालं होतं, सोंपली. म्हणजे संपली. तिच्या मनात पाच महिने हाच शब्द फिरत होता. ही मुलगी संपली, असं आपल्याबद्दल म्हणाले. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला नाही, पहिल्या दिवशी मलाही नाही.

त्या आठवड्यात तिचं बिनसलं. रडणं वाढलं, दोन रात्री झोप नाही. हे बहुतेकींचं होतं आणि तुम्ही आधीच ओळखून असा: पहिल्या-दुसऱ्या बैठकीनंतर माणूस थोडं खाली जातं. आठवडाभर आठवण आली तर ढकलू नको, येऊ दे, एवढंच आम्ही सांगतो. घरच्यांनी 'बघ, लिहून आणखी बिघडली, बंद कर' म्हटलं की सगळं मुसळ केरात. तिसरी बैठक चुकवू नका, ओढून आणा.

तिसऱ्या बैठकीपासून प्रसंगातल्या सगळ्यांत वाईट क्षणापाशी थांबायला सांगतात, आणि त्यानं आपल्यात काय बदललं तेही लिहायला सांगतात. तिनं लिहिलं, 'मी जोर लावला नाही म्हणून सिझर झालं. मी संपले होते, माझ्या जागी दुसरीच कोणीतरी घरी आली.' चौथ्या वेळी तो क्षण पुन्हा आला, आता दीड पान नुसता तोच. आणि त्यात 'सोंपली' पुढे तीन शब्द जास्त होते: 'सोंपली, दुसरी बेगीन हाड.' संपली, दुसरी लवकर आण. पेन इतकं दाबलं होतं की मागच्या पानावर अक्षरं उठली होती. त्याखाली पुढे काही नाही, बाकीचा वेळ ती नुसती बसून असणार.

मी वाचलं, बोलले नाही. असल्या वेळी तोंड बंद ठेवणं हेच आमच्या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम. पाचव्या वेळी ती आली ती चप्पल काढता काढता म्हणाली, 'मॅडम, दुसरी म्हणजे बाटलीच ना? माणूस कसं आणणार दुसरं?' आणि हसली. सलाइनची बाटली संपली होती. निदान असावी. टेबलावर नेमकं कोण काय बोललं याचा पुरावा ना तिच्याकडे ना माझ्याकडे, आणि तो शोधणं हे माझं काम नाही. पाच महिने एकाच अर्थाला जखडलेल्या वाक्याला दुसरा अर्थ असू शकतो हे तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं, मी शिकवलं असतं तर त्याला काडीची किंमत आली नसती. त्या दिवशी लिहून झाल्यावर तिचा आकडा तीस होता. स्वप्नं पूर्ण थांबायला पुढे महिना गेला, आणि पोटाच्या टाक्यांकडे आरशात बघणं तिला अजून जमत नाही.

सगळ्यांचं असं होत नाही. काहींच्या लिखाणात असा एखादा शब्द कधीच येत नाही. नुसतं तेच तेच लिहून, पाचव्या वेळी 'मॅडम, आता कंटाळा आला त्याचा' म्हणतात. मला तो कंटाळा फार आवडतो. ज्या आठवणीचा कंटाळा येतो ती जुनी झाली.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीनं वही घरी मागितली, मी दिली. गादीखालून ती सासूच्या हाती लागली. त्यात लिहिलं होतं, 'बाळ माझ्या अंगावर ठेवलं तेव्हा मला ते नको वाटलं.' मरणाच्या दारातून आलेल्या बाईच्या मनात असं क्षणभर येतं, त्याचा पुढच्या मायेशी काही संबंध नसतो. पण घरात त्या एका वाक्याचा जो तमाशा झाला त्यानंतर ती मुलगी परत आली नाही. तेव्हापासून वही माझ्या कपाटात, किल्ली माझ्याकडे. पाच बैठका झाल्या की तिनं ठरवायचं. कुणी फाडते, कुणी घेऊन जाते, एकीनं सांगितलं तुमच्याकडेच राहू दे. म्हणूनच मोबाइलवर टाइप करूनही मी घेत नाही. फोन घरात चौघांच्या हातात फिरतो.

आता दुधाचं. तुमच्या आईला भीती आहे ती मला माहीत आहे: रडलेल्या बाईचं दूध बाळाला बाधतं. बाधत नाही. फार ताण असताना पान्हा सुटायला थोडा वेळ लागू शकतो, एवढंच. दूध खराब होत नाही की लगेच आटत नाही. लिहून झाल्यावर दहा मिनिटं निवांत बसावं, पाणी प्यावं आणि बाळाला घ्यावं. माझ्या खोलीत कितीदा तरी अर्ध्या तासात ब्लाउज भिजतो, म्हणून एक दुपटं जास्त असू द्या. डॉक्टरांनी सोबत गोळी दिली तर 'पाजतेय म्हणून नको' असं परस्पर ठरवू नका. सर्ट्रालीनसारखी काही औषधं पाजणाऱ्या आईला देतात, दुधात ती फार कमी उतरतात. देवळात गाऱ्हाणं घालायचं असेल तर जरूर घाला. दिष्ट काढा. गाऱ्हाण्यातसुद्धा झालं ते नाव घेऊन मोठ्यानं सांगावंच लागतं, माझं त्याच्याशी वैर नाही. फक्त त्यासाठी बैठक पुढे ढकलू नका.

सतरा वर्षांच्या मुलीचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथं लिहिणं हे पहिलं काम नव्हे. अठराच्या आतली मुलगी गरोदर आहे हे कळल्यावर पोक्सो कायद्याच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. हे बंधन डॉक्टरांइतकंच तुमच्यावर आणि माझ्यावरही आहे. 'लग्न ठरलंय', 'तिची मर्जी होती' यानं ते टळत नाही. मला माहीत आहे, कळवलं तर मुलगी अंगणवाडीत यायची बंद होईल अशी भीती तुम्हाला वाटते. ती भीती खोटी नाही, पण एकटीनं पेलायची गोष्ट ही नाही. पर्यवेक्षिकेला सोबत घ्या, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर बोला, बालकल्याण समितीपुढे नेता येतं. गोव्यात २००३ च्या बाल कायद्यानं स्वतंत्र बाल न्यायालयही आहे, तिला मोठ्यांच्या कोर्टात उभं राहावं लागत नाही.

ते मार्गी लागलं, ती सुरक्षित जागी आहे, आणि तरीही रात्री तोच प्रसंग अंगावर येतो, तर उपचाराचा विचार. तो पालकांच्या संमतीनं, आणि पालकच गुन्ह्यात असेल तर समितीमार्फत. पेन हातात देण्याआधी तिला स्पष्ट सांगायचं: तू लिहिशील ते मी घरी सांगणार नाही, पण कोर्टानं मागितलं तर नोंद द्यावी लागते. हे लिहून झाल्यावर सांगणं म्हणजे फसवणूक. काही मुली मग ठरवतात की आधी जबाब होऊ दे, मग लिहीन. ठरवू द्या.

गरोदरपणी आठवण ढवळली तर बाळाला धोका, म्हणून नंतर बघू, असं पुष्कळ डॉक्टरही म्हणतात. मी तसं मानत नाही. लिहिताना छाती धडधडते ती जिना चढताना धडधडते तशी, अर्ध्या तासात खाली येते. हीच मुलगी एरवी रोज रात्री तीनदा घामानं भिजून उठते, ते बाळाला बरं असतं का? फक्त बीपी वाढलेलं असेल किंवा मुदतीआधी कळा येत असतील तर प्रसूतितज्ज्ञांशी बोलूनच. सात महिन्यांच्या मुलीला सलग तीस मिनिटं ताठ बसवत नाही. पाठीला उशी, पायाखाली स्टूल, मधे बाथरूमला जायची मोकळीक. आणि पाच बैठका बसत असतील तर आठवडा आठवडा करत शेवटच्या महिन्यात ढकलू नका.

तिच्यासाठी लेखनाहून महत्त्वाचा असा एक कागद मी करते. केसपेपरला जोडायचा, चार ओळींचा: आतून तपासणी करण्याआधी काय करणार ते सांगा, ती 'थांबा' म्हणाली तर थांबा, तपासताना खोलीत एक बाई हवी, पडदा ओढा. का ते लिहायचं नाही. लेबर रूममधली सिस्टर हा कागद वाचते, माझा अनुभव चांगला आहे.

आणि ताई, तुमच्या मीटिंगमध्ये हेही सांगा. बाळंतपण अवघड गेलं की दुसर्‍या-तिसर्‍या दिवशी वॉर्डातच 'सगळं सांगून टाक, मन हलकं होईल' म्हणून कुणी मुलीला बोलतं करू नये. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनेतही, बाळंतपणाचा धसका एकाच बैठकीत पुन्हा जगायला लावणारा उपचार देऊ नये असं म्हटलं आहे. त्या दिवसांत जेवण, झोप, बाळ मांडीवर, आणि ती आपणहून बोलली तर ऐकणं.

काउन्सेलर बाईंना फोन करून तीन गोष्टी विचारा. दर वेळी तोच प्रसंग लिहायचा का? तीस मिनिटं घड्याळ लावून का? वही कुणाकडे राहणार? उत्तर 'जे मनात येईल ते लिहायचं' असं आलं तर ती डायरीच आहे, फी देऊन. बहिणीला लिहिण्याची सवयच नसेल तर जबरदस्ती नको, तोंडी सांगून करायचं प्रोलॉन्ग्ड एक्स्पोझर किंवा आठवण मनात धरून डोळे हलवत करायचं ईएमडीआर असे उपचारही आहेत, ते मात्र लांबतात. रात्रीबेरात्री गरज लागली तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत.

चुकलेला डोस आधी देऊन घ्या, तुमच्याच आरोग्य केंद्रात, त्या हॉस्पिटलला जायची गरज नाही. आणि पाचही वेळा तुम्ही सोबत जा, आईला पाठवू नका. आई दाराला कान लावेल. बाळाला घेऊन बाहेर बसा, बाळ रडलं तर जिन्याखाली न्या, आतपर्यंत आवाज जाऊ देऊ नका. ती बाहेर आली की 'काय लिहिलंस?' विचारू नका. बाळ तिच्या हातात द्या आणि परतीच्या बसचं बघा.